दिव्यांच्या पट्टीची नाडी

गणपतीच्या आधीचा आठवडा. बारामती आणि इंदापुरात मांडव उभे राहिलेले असतात. त्यांतल्या एखाद्या तरी मंडळाच्या सजावटीचे 'इलेक्ट्रॉनिक' काम इंजिनीअरिंगला किंवा आयटीआयला शिकणाऱ्या पोरांच्या अंगावर पडलेले असते. पूर्वी दिव्यांच्या माळा भाड्याने यायच्या, लावायच्या आणि अकराव्या दिवशी परत द्यायच्या. आता पुण्याच्या तपकीर गल्लीतून एलईडीच्या पट्टीची पाच मीटरची गुंडाळी येते, हाताच्या तळव्यात मावणारा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक येतो, आणि मूर्तीमागची प्रभावळ हवी तशी, हव्या त्या रंगात, एकेक दिव्यागणिक वेगळी नाचवायचा बेत ठरतो.

रात्री दोनच्या सुमारास पहिली चाचणी होते. सुरुवातीचे आठ-दहा दिवे नीट लागतात, पुढचे भलत्याच रंगात चमकून जातात. लाल मागितला तर हिरवा येतो. मधूनच सगळी पट्टी दचकल्यासारखी होते. आणि कहर म्हणजे त्याच संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून स्पीकरला जोडलेली आरती दिवे सुरू होताच खरखरते किंवा गप्प होते. 'पट्टी खराब लागली' असा निकाल लागतो आणि सकाळी कुणीतरी पुण्याची एसटी पकडतो.

पट्टी बहुतेक वेळा खराब नसते. गडबड असते ती वेळेची. आणि ती नीट समजून घेणे केवळ मंडळाच्या पोरांनाच नाही, तर मांडवात लेकराला कडेवर घेऊन उभ्या राहणाऱ्यालाही उपयोगाचे आहे.

या पट्टीवरचा प्रत्येक दिवा म्हणजे पाच मिलिमीटर बाय पाच मिलिमीटरची एक डबी. तिच्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी आणि त्यांच्या शेजारी एक इवलीशी चिप असते. बाजारात सर्वाधिक खपणाऱ्या जातीचे नाव डब्ल्यूएस२८१२बी. यातल्या निळ्या एलईडीने जगाला फार वर्षे ताटकळत ठेवले होते. तो तयार करणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळा नसता तर पांढरा नसता, आणि मांडवातली ही रंगपंचमीही नसती.

पट्टीला तारा तीनच. दोन विजेच्या, एक निरोपाची. एका तारेवरून तीनशे दिव्यांना तीनशे वेगळे निरोप कसे जातात? पंगतीत पत्रावळ्यांचा गठ्ठा पहिल्या माणसाच्या हाती देतात, तो वरची एक आपल्यापुढे ठेवतो आणि उरलेला गठ्ठा शेजाऱ्याकडे सरकवतो, अगदी तसे. संगणक सगळ्या दिव्यांचे निरोप एकामागोमाग एक सोडतो. पहिली चिप पहिले चोवीस ठोके स्वतःसाठी ठेवून घेते (आठ हिरव्यासाठी, आठ लालसाठी, आठ निळ्यासाठी, याच क्रमाने) आणि बाकीचे पुढे पाठवते. दुसरी तेच करते. म्हणजे या दिव्यांना इंग्रजीत 'ॲड्रेसेबल' म्हणत असले तरी त्यांना पत्ता असा नसतोच, असतो तो पंगतीतला पाट. मधला एक दिवा मेला की त्याच्या पुढच्या सगळ्यांची पत्रावळ अडते. आणि लाल मागितल्यावर हिरवा का आला त्याचेही उत्तर इथेच आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने लाल आधी पाठवला आणि चिपला हिरवा आधी हवा होता.

आता हे ठोके. तारेवरचा दाब वर जातो आणि खाली येतो. तो किती वेळ वर राहिला यावर तो 'शून्य' की 'एक' ते ठरते. साधारण ०.४ मायक्रोसेकंद वर राहिला तर शून्य, ०.८ राहिला तर एक. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. ज्यांनी ईसीजीची पट्टी पाहिली आहे त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. तिथेही डॉक्टर लाटेच्या उंचीबरोबर तिची रुंदी मोजतात. क्यूआरएस हा टोकदार भाग १२० मिलिसेकंदांच्या आत असला तर हृदयातला विजेचा संदेश नेहमीच्या रस्त्याने गेला. त्याहून रुंद झाला तर वाटेत कुठेतरी अडथळा असण्याची शक्यता. रुंदीला अर्थ असतो. फरक एवढाच की ईसीजीत मिलिसेकंदांचा हिशेब चालतो आणि इथे त्याच्याही हजाराव्या भागाचा. एका ठोक्याला एकूण १.२५ मायक्रोसेकंद लागतात. मिनिटाला ७२ या गतीने चालणाऱ्या हृदयाच्या एका ठोक्यात या तारेवरून साडेसहा लाखांहून जास्त ठोके जाऊ शकतात. चूक चालते ती सुमारे ०.१५ मायक्रोसेकंदाची, त्याहून जास्त नाही.

शिवाय आणखी एक नियम. तार पन्नास मायक्रोसेकंदांहून जास्त वेळ शांत राहिली (नव्या चिपांत २८०) की दिवे समजतात, निरोप संपला, आता चित्र दाखवा. त्यानंतर येणारा ठोका पुन्हा पहिल्या दिव्याचा.

रास्पबेरी पायवर लिनक्स चालते. लिनक्स म्हणजे सरकारी दवाखान्याच्या ओपीडीतला एकटा डॉक्टर. समोरच्याचे बोलणे ऐकता ऐकता तो मध्येच उठून ड्रेसिंगवर नजर टाकून येतो, फोन घेतो, सही करतो, परत येतो. कुणावर अन्याय होत नाही, रांग पुढे सरकते, आणि रुग्णाला दोन मिनिटे थांबावे लागले म्हणून काही बिघडत नाही. संगणकावरही प्रत्येक प्रोग्रॅमला थोडा थोडा वेळ मिळतो. नेटवर्क, मेमरी कार्ड, पडदा, सगळे सांभाळून तो परत येतो. ही विश्रांती कधी काही मायक्रोसेकंदांची, कधी काही मिलिसेकंदांची. माणसाला ती जाणवतही नाही. पण दिव्यांच्या पट्टीला पन्नास मायक्रोसेकंदांची शांतता म्हणजे वाक्य संपल्याची खूण. निरोप मध्येच तुटतो, उरलेला भाग पहिल्या दिव्यापासून पुन्हा वाचला जातो, आणि मूर्तीमागे तो दचकणारा गोंधळ दिसतो. नोव्हेंबर २०२४ मधल्या लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तीत वेळेला काटेकोर चालण्याची सोय मुख्य प्रवाहात आली खरी, पण तिचा काटेकोरपणाही मायक्रोसेकंदाच्या दशांशाइतका नाही.

अर्डुइनोसारख्या साध्या बोर्डाला ही अडचण येत नाही. तो एकाच रुग्णाजवळ बसलेल्या स्पेशल नर्ससारखा असतो, दुसरे काम नाही. मग रास्पबेरी पाय घ्यायचाच कशाला, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की गाण्याच्या तालावर दिवे, कॅमेऱ्यासमोरच्या गर्दीवरून बदलणारा रंग, मोबाइलवरून हुकूम हे सगळे करायला ताकद लागते आणि ती या छोट्या संगणकात असते. ताकदवान आहे पण वेळ पाळत नाही, अशी ही मूर्ती.

यावरचा तोडगा रुग्णालयात रोज वापरला जातो. पूर्वी सलाईनचे थेंब मोजत नर्सला उभे राहावे लागे. आता इन्फ्यूजन पंपात औषध भरायचे, तासाला किती मिलिलिटर ते ठरवायचे, आणि ती दुसऱ्या खाटेकडे गेली तरी पंप आपल्या लयीत चालू राहतो. रास्पबेरी पायच्या चिपमध्येही असे छोटे पंप आहेत. एक असतो ठरावीक रुंदीचे ठोके काढणारा, पीडब्ल्यूएम नावाचा. दुसरा स्मृतीतला माल मुख्य प्रोसेसरला न विचारता उचलून त्याच्या तोंडात घालणारा, डीएमए नावाचा. प्रोग्रॅमने सगळ्या दिव्यांचा निरोप आधीच स्मृतीत मांडून ठेवायचा आणि या जोडीला म्हणायचे, घ्या, चालवा. मग लिनक्स कुठेही फिरून येवो. जेरेमी गार्फ यांनी २०१४ मध्ये याच कल्पनेवर एक लायब्ररी लिहून सर्वांसाठी खुली केली. आज जगभरात रास्पबेरी पायवर नाचणाऱ्या पट्ट्यांपैकी फार मोठा हिस्सा तिच्याच जिवावर नाचतो.

आरती का बिघडली तेही आता कळते. हेडफोनच्या भोकातला आवाज तयार करणारा पंपही तोच पीडब्ल्यूएम. पंप एक, रुग्ण दोन. दिव्यांनी तो घेतला की आवाज गेला. यूएसबीचे साउंड कार्ड लावले, किंवा आवाज एचडीएमआयमधून काढला की भांडण मिटते. त्यासाठी पुण्याला जायची गरज नसते.

दुसरी एक युक्ती आहे आणि ती फार सुंदर आहे. प्रत्येक छोट्या संगणकाला दुसऱ्या चिपांशी बोलण्यासाठी एसपीआय नावाची वाट असते. ती ठरावीक गतीने एक-शून्य बाहेर टाकते. तिला सेकंदाला चोवीस लाख या गतीने चालवायचे आणि दिव्यांच्या प्रत्येक ठोक्यासाठी तीन ठोके पाठवायचे. शून्य हवा असेल तर 'एक शून्य शून्य', एक हवा असेल तर 'एक एक शून्य'. पहिल्यात दाब एक तृतीयांश वेळ वर राहतो, दुसऱ्यात दोन तृतीयांश. मोजले तर ०.४२ आणि ०.८३ मायक्रोसेकंद, म्हणजे दिव्यांना हवे होते तेच. दुसऱ्याच कामासाठी असलेल्या यंत्राकडून हे काम करून घेतलेले. मात्र एक खोड आहे. काही रास्पबेरी पायमध्ये कामाचा ताण वाढला की चिपच्या आतली मूळ गतीच बदलते, जिना चढताना नाडी वाढावी तशी. मग तीन ठोक्यांचा हिशेब चुकतो. म्हणून संगणक सुरू होतानाच्या फाइलमध्ये ती गती बांधून टाकावी लागते. ही एक ओळ न लिहिल्यामुळे मांडवांत वाया गेलेल्या रात्री मोजल्या तर बऱ्याच निघतील.

मग ऑक्टोबर २०२३ मध्ये रास्पबेरी पाय ५ बाजारात आला. आधीपेक्षा कितीतरी वेगवान. आणि जुनी लायब्ररी त्यावर मुळीच चालेना. ती सुरू होताना संगणकाचा क्रमांक आपल्या यादीत शोधते, आणि नाही सापडला तर 'हे हार्डवेअर मला माहीत नाही' अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते. तेव्हा अनेकांना वाटले, यादीत नवा क्रमांक घातला की झाले. आधी तसे चालूनही गेले होते. पहिल्या पिढीपासून चौथीपर्यंत आतल्या अवयवांचे पत्ते सरकले, पण अवयव तेच राहिले आणि त्यांची मांडणीही तीच. पाचव्या पिढीत मात्र बाहेरच्या पिनांचा सगळा कारभार मुख्य चिपमधून काढून आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे दिला गेला. साधारण दहा हजारांत एखादा माणूस असा असतो की त्याचे यकृत डावीकडे आणि हृदय उजवीकडे असते, अपेंडिक्सही डावीकडे. माणूस ठणठणीत असतो, पण त्याच्या पोटात दुखू लागले आणि नेहमीच्या सवयीने उजवीकडे तपासले तर निदान चुकते. नव्या बोर्डाच्या स्मृतीत जुन्या पत्त्यांवर लिहायला जाणे हे त्याच जातीचे. त्यातही ही लायब्ररी पीडब्ल्यूएमच्या मार्गाने जाते तेव्हा तिला यंत्रावरचे सर्वाधिकार द्यावे लागतात, म्हणजे चुकीच्या जागी टाका पडला तर रोखणारा कुणी नसतो. यादीत नसलेल्या बोर्डावर ती हात वर करून थांबली हे चांगलेच झाले.

खरा आधार पुढच्या वर्षाच्या अखेरीस आला. आरपी१ मध्ये पीआयओ नावाची छोटी, स्वतंत्र, अत्यंत काटेकोर यंत्रे आहेत. तशीच यंत्रे २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोच्या चिपमध्ये होती. त्यांना मोजक्या सूचनांचा प्रोग्रॅम शिकवला की ती दिव्यांचे ठोके बिनचूक काढतात. पाय ५ वर ती वापरण्याचे सॉफ्टवेअर आल्यावर पट्ट्या पुन्हा नाचू लागल्या. तोवर ज्यांना घाई होती त्यांनी एसपीआयची तीन ठोक्यांची युक्ती धरली, किंवा पाय ५ ने पिकोला हुकूम द्यायचा आणि पिकोने दिवे सांभाळायचे अशी वाटणी केली. ही वाटणी अजूनही शहाणपणाची आहे. मांडवात दहा दिवस अखंड चालायचे असेल तर डॉक्टर आणि नर्स वेगवेगळे असलेले बरे.

सॉफ्टवेअर जमले तरी वीज उरते. पायच्या पिनेतून ३.३ व्होल्ट निघतात. पाच व्होल्टवर चालणारी चिप ३.५ च्या वर असेल तरच दाब वर गेला असे मानते. म्हणजे कागदावर हे जमायलाच नको, पण टेबलावर बऱ्याचदा जमते, आणि मांडवात तार लांब झाली की बिघडते. मध्ये लेव्हल शिफ्टरची चिप टाकायची, ती काही रुपयांची असते.

प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा झाला तर सुमारे ६० मिलिअँपिअर खेचतो. मीटरला ६० दिवे आणि पाच मीटर म्हणजे तीनशे दिवे. १८ अँपिअर. पाच व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून पोरे निर्धास्त असतात. पण १८ अँपिअर बारीक तारेतून गेले तर ती तापते, आणि मांडवात कापड, थर्माकोल आणि सुकलेली फुले असतात. दुसऱ्या बाजूला, हे पाच व्होल्ट ज्या पत्र्याच्या डब्यातून येतात त्याच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात. भाद्रपदातला पाऊस, ओली जमीन, अनवाणी पाय. हाताच्या मुठीतून सुमारे दहा मिलिअँपिअर गेले की स्नायू आखडतात आणि पकड सुटत नाही. त्याच्या काही पटींत हृदयाची लय बिघडते. म्हणून मांडवाच्या जोडणीवर तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी आणि खरे अर्थिंग हवे. कुणी चिकटलेच तर आधी मुख्य स्विच बंद करायचा, मग माणसाला हात लावायचा. श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करायची आणि १०८ ला फोन करायचा.

मुळात तीनशे दिवे पूर्ण पांढरे लावायची गरज पडत नाही, कारण आपला डोळा प्रकाश सरळ पट्टीने मोजत नाही. अंधारातला थोडा फरक त्याला मोठा वाटतो, उजेडातला मोठा फरक लहान. पट्टीला २५५ पैकी १२८ हा आकडा दिला तर अर्धा प्रकाश निघतो, पण डोळ्याला तो अर्ध्याहून बराच जास्त भासतो. डोळ्याला अर्धा वाटायला खरा प्रकाश साधारण २२ टक्के पुरतो. चांगल्या प्रोग्रॅममध्ये हे रूपांतर आधीच असते. ते वापरले की रंग मऊ होतात, विजेची मागणी घटते आणि तारा थंड राहतात.

आता मांडवासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे यायला हवे. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये 'पोकेमॉन' या कार्टूनच्या एका भागात काही सेकंद लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून चमकला. त्या रात्री जवळपास ६८५ मुलांना रुग्णालयात नेण्यात आले. त्यांतल्या बऱ्याच जणांना आकडी आली होती. अनेकांना त्याआधी कधीही फिट आलेली नव्हती. प्रकाशाच्या चमकण्याने आकडी येण्याची प्रवृत्ती साधारण चार हजारांत एकाला असते. शाळकरी आणि कॉलेजच्या वयात ती अधिक दिसते, आणि पुष्कळदा ती आहे हे पहिल्या झटक्यापर्यंत घरच्यांना ठाऊकच नसते. सेकंदाला तीन ते तीस या गतीची चमक धोक्याची. त्यातही पंधरा ते पंचवीस अधिक, आणि गडद लाल रंग त्याहून.

तीनशे दिव्यांच्या पट्टीला एक चित्र पाठवायला नऊ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ती सेकंदाला शंभर चित्रे दाखवू शकते, आणि पंधरा वेळा चमकणे तिला अगदी किरकोळ आहे. मोबाइलवरून पट्टी चालवणाऱ्या तयार प्रोग्रॅमांत 'स्ट्रोब' नावाचा पर्याय असतो. ढोल टिपेला पोचला की तो दाबण्याचा मोह कुणालाही होतो. समोर दोन-तीन हजार माणसे, त्यांत पोरांना खांद्यावर घेतलेले बाप. इथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाच्या हाती जे आहे ते डॉक्टरच्या हाती नाही. सबंध पट्टी एकदम चमकवायची असेल तर दोन चमकांत किमान ३५० मिलिसेकंदांचे अंतर ठेवायचे. म्हणजे सेकंदाला तीनच्या आत, आणि जगभरच्या पडद्यांसाठी हाच संकेत आहे. हे अंतर त्या पर्यायाच्या आत न लिहिता सर्वांत शेवटी, दिव्यांकडे निरोप जाण्याच्या दारात लिहायचे, म्हणजे कुणीही कोणतेही बटण दाबले तरी ते ओलांडता येत नाही.

चमकत्या दिव्यांसमोर कुणाला गरगरल्यासारखे झाले, डोळ्यांपुढे विचित्र वाटले, तर एक डोळा तळव्याने घट्ट झाकावा आणि तोंड फिरवावे. नुसते डोळे मिटून भागत नाही, लाल प्रकाश पापणीतून आत जातो. आकडी आलीच तर माणसाला कुशीवर करावे, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यावे, घड्याळ पाहावे. चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

लेझरची गोष्ट वेगळी आहे आणि तिची पट्टीशी गल्लत नको. लेझरचा झोत थेट डोळ्यात गेला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात अशा झोतांवर बंदी घातली ती त्यासाठीच. एलईडीचा प्रकाश पसरतो, तो इतका घातक नाही. पण तो रात्रभर उशाशी असेल तर वेगळा परिणाम करतो. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याचे काम न करणाऱ्या, फक्त दिवस की रात्र एवढेच मेंदूला कळवणाऱ्या पेशी असतात. त्या स्वतःच प्रकाश टिपतात हे २००२ मध्ये सिद्ध झाले. त्यांना सर्वाधिक कळतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर प्रकाश. या पट्टीतला निळा दिवा त्याच्या अगदी जवळ बसतो. उत्सव संपला की पट्टी कुणाच्या तरी होस्टेलच्या खोलीत जाते, पलंगामागे लागते, आणि मग झोप येत नाही म्हणून तक्रार सुरू होते. रात्री दहानंतर निळा शून्य, हिरवा अगदी थोडा, एवढे प्रोग्रॅमला सांगता येते.

रात्रीच्या प्रकाशाला झाडेही फसतात. इंदापूर तालुक्यात ड्रॅगन फ्रूटच्या बागा वाढल्या आहेत. या वेलीला हिवाळ्यात रात्री दिवे दाखवले तर तिला दिवस मोठा झाल्यासारखे वाटते आणि ती हंगामाबाहेर कळ्या धरते. शेवंतीचे उलटे, रात्री उजेड मिळाला की तिचे फूल लांबते.

निळ्या पट्टीविषयी आणखी एक सांगायला हवे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे आहे. नवजात बाळांपैकी साधारण साठ टक्क्यांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ दिसते. रुग्णालयात बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलेले पाहून 'असे दिवे तर आपल्याकडे आहेत' हा विचार हुशार घरात हमखास येतो. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका बाळाचे अंग उजळले होते, फक्त चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोण पिवळा राहिला होता. त्यावरून डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांत पहिले उपचार यंत्र केले. प्रकाशाने कातडीतल्या बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते शरीराबाहेर टाकता येते. पण त्यासाठी ४६० ते ४९० नॅनोमीटरचा प्रकाश, मीटरने मोजलेल्या ठरावीक तीव्रतेचा, ठरावीक अंतरावरून, डोळे झाकून आणि बाळाचे तापमान सांभाळून द्यावा लागतो. आणि त्याआधी कावीळ किती आहे ते रक्तात मोजावे लागते. सजावटीची पट्टी नुसती निळी दिसते. तिच्याखाली ठेवलेल्या बाळाचा पिवळेपणा निळ्या उजेडात दिसेनासा होतो आणि घरचे निर्धास्त होतात. तोवर बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचले तर ते नुकसान भरून येत नाही. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ, दूध न ओढणारे किंवा सुस्त बाळ यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे, मग ते बारामतीचे असो की इंदापूरचे.

मांडवाकडे परत येताना एक शेवटचे काम उरते. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तरी ही पट्टी विझत नाही. प्रत्येक चिप आपला शेवटचा रंग धरून बसते. तो नेमका पूर्ण पांढरा असेल तर १८ अँपिअर वाहतच राहतात, आणि मंडळातले सगळे मिरवणुकीत. म्हणून बाजूला, पोरांच्या हाताला न लागेल पण मोठ्यांना पटकन सापडेल अशा उंचीवर, एक मोठे लाल बटण हवे. त्याची तार छोट्या संगणकाकडे न नेता थेट वीजपुरवठ्याकडे न्यायची. बटण दाबले जाईल तेव्हा लिनक्स दुसऱ्याच कुणाचे ऐकत बसलेले असू शकते.